२५ मीटरचं पिस्तूल, भरलेली ग्रिप आणि इक्विपमेंट कंट्रोल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वापरलेलं पॉइंट २२ स्टँडर्ड पिस्तूल घेतलं, ग्रिप हाताच्या मापाने पुटीने भरली, नळीखाली पुढे वजन लावलं, ट्रिगर हलका करून घेतला, हे २५ मीटरच्या स्पर्धेत चालेल का?

आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांत बदल करायला सरसकट मनाई नाही. बदल झाल्यावर पिस्तूल इक्विपमेंट कंट्रोलमध्ये, म्हणजे सामन्याआधीच्या साहित्य तपासणीत, मर्यादेत बसायला हवं. बहुतेक सगळं घरी मोजता येतं. सुरुवात ग्रिपपासून करा, कारण ग्रिप घासली की पिस्तुलाचं माप (ते ठरावीक मापाच्या पेटीत घालून तपासतात) आणि वजन दोन्ही बदलतं.

अडतं ते बहुतेक ग्रिपवरच. तळहाताखालची पट्टी, म्हणजे पाम शेल्फ, ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात नको. पुटी ओली असताना हात दाबला की तिच्या कडा वर येतात आणि शेल्फची वाटी होते. हाताला ती फार छान वाटते, पण नियमात बसत नाही. शेल्फची कड वर वळलेली, अंगठ्याच्या टेकूची कड वर वळलेली किंवा अंगठ्याच्या विरुद्ध बाजूची कड खाली वळलेली, तिन्ही बाद. मात्र पिस्तुलाच्या लांबीच्या दिशेने असलेला बाक चालतो. हा फरक लक्षात न आल्याने बरेच जण चांगली ग्रिप विनाकारण घासून टाकतात. पोलादी पट्टी शेल्फवर आडवी, डावीकडून उजवीकडे ठेवा. पट्टी दोन्ही कडांवर टेकून मधून उजेड दिसला, तर कडा घासायच्या. मधलं खोलगट भरून घेतलं तरी चालेल. अंगठा टेकूवरून सरळ वर उचलता आला पाहिजे. मनगट पूर्ण मोकळं दिसलं पाहिजे, ग्रिपचा कुठलाही भाग हाताच्या मागे जाऊन त्याला टेकायला नको. नळीचा अक्ष अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्याच्या वरूनच गेला पाहिजे. पिस्तुलाच्या हातात घड्याळ, कडं, मनगटपट्टा काही नको.

मग पेटी. २५ मीटरला आतलं माप ३०० × १५० × ५० मिलिमीटर, आणि सगळ्या जोडण्यांसकट पिस्तूल त्यात पूर्ण बसायला हवं. (१० मीटर एअर पिस्तुलाची पेटी ४२० × २०० × ५०. वेगळी आहे, गोंधळ करू नका.) लांबी क्वचितच नडते, नडते ती ५० मिलिमीटरची रुंदी. ती एका बाजूच्या सगळ्यात बाहेरच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या टोकापर्यंत धरतात. त्यामुळे ग्रिप थोडी फिरवून बसवली, तर एकीकडे शेल्फ आणि दुसरीकडे अंगठ्याचा टेकू मिळून माप ओलांडतं. व्हर्नियरने दोन्ही भाग सुटे मोजले तर हे कळतच नाही. प्लायची पेटी करा. पावसाळ्यात लाकडी ग्रिप दमटपणाने थोडी फुगते, म्हणून निदान एक मिलिमीटर जागा राखा.

वजनाची मर्यादा १४०० ग्रॅम, रिकाम्या मॅगझिनसह आणि पुढच्या वजनांसह. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. नळी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर आणि नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन साइटमधलं अंतर २२० मिलिमीटर, तेही तपासा. साइट उघड्याच हव्यात, भिंग किंवा दुर्बीण नको. नळीला भोकं किंवा टोकाला कॉम्पेन्सेटर (झटका कमी करणारा जोड) असेल, तर २५ मीटरला ते चालत नाही.

ट्रिगर किमान १००० ग्रॅम. दोन टप्प्यांचा असला तरी हे एकूण वजन आहे. तपासताना नळी उभी धरतात, ट्रिगरच्या मधोमध वजन अडकवतात आणि टेबलावरून वर उचलतात. घोडा पडला नाही तर पास. तीन प्रयत्न मिळतात. घरी बाटलीत पाणी भरून, ती ट्रिगरला अडकवायच्या आकड्यासकट (हुकासकट) बरोबर १००० ग्रॅम करा. चेंबर रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, ड्राय फायर प्लग (चेंबरमध्ये घालायचं खोटं काडतूस) घाला आणि सावकाश उचला; झटका दिला तर बरोबर बसवलेला ट्रिगरही सुटतो. हुक मध्यापासून खाली सरकला तर ट्रिगर ज्या खिळीवर फिरतो तिच्यापासून अंतर वाढतं आणि तोच ट्रिगर हलका ठरतो. म्हणून काठावर न ठेवता १०३० ते १०५० ग्रॅमवर बसवा. स्प्रिंगच्या काट्यावर विसंबू नका. हलका करताना कुणी सीअर (घोडा अडकवून धरणारा भाग) घासली असेल, तर पिस्तूल आधी परवानाधारक कारागिराला दाखवा. घासलेल्या सीअरवर घोडा आपोआप पडू शकतो आणि ते जिवावर बेतू शकतं. नळी कापायचं मनातही आणू नका. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.

वापरलेलं पिस्तूल असल्याने आणखी एक बघा. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत रॅपिड फायरला (२५ मीटरच्या झटपट नेमबाजीच्या प्रकाराला) पॉइंट २२ शॉर्ट काडतूस आणि फार हलका ट्रिगर चालायचा. त्यानंतर लाँग रायफल काडतूस आणि १००० ग्रॅम सक्तीचे झाले. त्या काळातलं शॉर्टचं पिस्तूल कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

सामन्यानंतरही यादृच्छिक तपासणी होते आणि तिथे नापास झालात तर थेट अपात्र. तेव्हा इक्विपमेंट कंट्रोलमधून बाहेर पडल्यावर ट्रिगरच्या आणि शेल्फच्या स्क्रूला हात लावू नका. तपासणीआधी दोन्हींवर नेलपॉलिशचा एक थेंब टाकून ठेवा; स्क्रू हलला तर थेंबाला तडा गेलेला लगेच दिसतो.