वाचक विचारतात : वय आणि बोलणं

प्रश्न : सत्तरीनंतर माणसं बोलताना नावांवर अडखळतात. शब्दसंग्रह आटतो का?

उत्तर : नाही. शब्दसंग्रह सहसा म्हातारपणीही शाबूत असतो. मंदावतो तो शब्द जिभेवर येण्याचा वेग. विशेषनामं आधी दगा देतात, कारण त्यांना अर्थाचा आधार नसतो. एखादा माणूस सुतारकाम करतो हे आठवतं, पण ‘सुतार’ हे त्याचं आडनाव असेल तर तेच अडतं. अशा वेळी लगेच शब्द पुरवू नका, पाच-दहा सेकंद थांबा.

आवाजही बदलतो. स्वरतंतू पातळ झाल्याने पुरुषांची पट्टी थोडी चढते, तर रजोनिवृत्तीनंतर बायकांची उतरते.

प्रश्न : मोठ्याने बोलूनही त्यांना कळत का नाही?

उत्तर : उतारवयात उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात, म्हणून ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं तिथेच राहतात. समोर बसा, टीव्ही बंद करा, वाक्यांमध्ये थांबा. बाळाशी बोलावं तसं लाडिक बोलणं मात्र टाळा; ते अपमानास्पदच वाटतं.

बोलणं अचानक बोबडं झालं तर ते वयामुळे नव्हे. पक्षाघाताची शक्यता असते, ताबडतोब रुग्णालय गाठा.