सीलबंद बॅटऱ्या: आधी मल्टिमीटर, मग खरेदी

यूपीएस, लिफ्ट, सीसीटीव्ही, फायर अलार्म पॅनेल यांच्या सीलबंद (एसएमएफ, म्हणजे पाणी घालावं न लागणाऱ्या) बॅटऱ्यांबद्दलची पत्रं उन्हाळा तापला की ढिगाने येतात. बहुतेकांत घोळ एकच असतो. बॅटरी गेली की कंपनीला नावं ठेवायची. चार्जर किती व्होल्टेज देतोय आणि बॅटरीजवळ तापमान किती आहे, हे मात्र कुणी मोजायचं नाही. निकडीचा प्रश्न आधी घेतो.

यूपीएसच्या खोलीत चार दिवसांपासून सडक्या अंड्यासारखा वास येतो. दोन बॅटऱ्या फुगल्यात आणि हाताला चटका बसतो. काय करावं? (सोसायटी सचिव, ठाणे)

चार दिवस थांबून पत्र लिहायचं नव्हतं! हा वास हायड्रोजन सल्फाइडचा आहे. तो विषारी वायू आहे. थोड्या वेळाने नाकाला तो जाणवेनासा होतो, म्हणून ‘वास कमी झाला’ यावर विसंबू नका. खोलीबाहेरच्या ब्रेकरवरून चार्जरचा पुरवठा तोडा, दारं-खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा. खोलीतली बटणं दाबू नका. बॅटऱ्या पूर्ण थंड होईपर्यंत, म्हणजे काही तास, हात लावू नका आणि त्यांच्यावर पाणीही ओतू नका. धूर दिसला तर ११२. त्यानंतर यूपीएस कंपनीचा माणूस येऊन चार्जर तपासेपर्यंत संच सुरू करायचा नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरात येत नाही.

सहा महिन्यांनी झाकण उघडून डिस्टिल्ड वॉटर घालावं का?

नाही.

महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण रिकामी केली तर आयुष्य वाढतं असं वायरमन सांगतो.

घटतं. १२ व्होल्टची बॅटरी १०.५ व्होल्टखाली जाऊ देऊ नका आणि वीज आली की त्याच दिवशी चार्जिंगला लावा. रिकामी पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं.

सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्यास बॅटरी उतरते का?

आजच्या प्लॅस्टिक खोक्याची उतरत नाही. तरी रॅकवर ठेवा. ओल, धूळ आणि झाडूपोछा यांसाठी.

रोगनिदान केंद्रात १० केव्हीएचा यूपीएस आहे. १२ व्होल्ट ४२ एएचच्या (अँपिअर-अवर, क्षमतेचं माप) १६ बॅटऱ्या जिन्याखालच्या बंद कपाटात ठेवल्या आहेत. १४ महिन्यांत बॅकअप निम्म्यावर आला, काही खोकी फुगली. पुरवठादार म्हणतो, आता ६५ एएचच्या घ्या. (जळगाव)

पुरवठादाराने कपाटाचं दार तरी उघडून पाहिलं का? जळगावच्या मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असतात. बंद कपाटात, त्यातही यूपीएसचा पंखा गरम हवा तिकडेच फेकत असेल, तर आकडा त्याच्याही वर जातो. या बॅटऱ्यांचं छापील आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं. ढोबळ मानाने दर ८ ते १० अंश वाढीला ते निम्मं होतं. पाच वर्षांची बॅटरी ४५ अंशांवर एक-सव्वा वर्षात संपली, तर ती हिशेबाप्रमाणेच संपली.

आता खोकी का फुगतात ते पाहा. पूर्ण चार्ज झाल्यावर धन प्लेटवर ऑक्सिजन सुटतो, काचतंतूंच्या विभाजकातून ऋण प्लेटकडे जातो आणि तिथे पुन्हा पाणी होतं. म्हणूनच पाणी घालावं लागत नाही. पण या क्रियेत उष्णता निघते. ती बाहेर पडली नाही तर बॅटरी तापते; तापलेली बॅटरी त्याच व्होल्टेजला जास्त करंट ओढते, त्याने आणखी तापते. हे चक्र एकदा सुटलं की खोकं मऊ पडून फुगतं, झडप उघडते आणि हायड्रोजन कपाटात साठतो. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. ६५ एएचच्या बॅटऱ्या त्याच कपाटात घातल्या तर हेच होईल, फक्त बिल मोठं येईल.

दुसरा दोषी चार्जर. २५ अंशांना फ्लोट व्होल्टेज (पूर्ण चार्ज झाल्यावर सतत द्यायचं व्होल्टेज) दर बॅटरीला १३.५ ते १३.८ हवं. १३.६५ धरलं तर १६ बॅटऱ्यांना सुमारे २१८ व्होल्ट. तापमान वाढलं की ते उतरवावं लागतं: दर अंशाला दर सेलला साधारण ३ मिलिव्होल्ट, म्हणजे सहा सेलच्या १२ व्होल्ट बॅटरीला १८. ४० अंशांना १३.३८, आणि संचाला २१४. फरक चारच व्होल्टचा, पण तो वर्षभर चोवीस तास बॅटरीवर बसतो. बऱ्याच यूपीएसना यासाठी तापमानाचा सेन्सर जोडता येतो. खोक्यातून निघालेला सेन्सर ड्रॉवरमध्ये पडलेला नाही ना, तेही बघा.

नवी खरेदी करण्याआधी चार नोंदी घ्या, आणि त्या संच २४ तास चार्जवर राहिल्यानंतरच्या हव्यात: संचाचं एकूण व्होल्टेज, प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज, मधल्या ओळीतल्या खोक्याचं तापमान आणि चार्जिंग करंट. धड ४२ एएचच्या संचाचा फ्लोट करंट दोन आकडी मिलिअँपिअर असतो. तो अँपिअरमध्ये दिसला तर संच तिथेच बंद करा. मोजणारा माणूस डीसी जाणणारा हवा. उघड्या टर्मिनलवर २१८ व्होल्ट म्हणजे जीव जाण्याइतके आहेत. कपाटाला खाली आणि वर जाळी, दोन बॅटऱ्यांमध्ये किमान १० मिलिमीटर फट, यूपीएसच्या गरम हवेपासून दूर जागा आणि एक एक्झॉस्ट पंखा, एवढं झाल्याशिवाय नवा संच आत ठेवू नका. चार्जरचं सेटिंग यूपीएस कंपनीच्या अभियंत्याकडून लेखी घ्या. वॉरंटीच्या दाव्यात या नोंदी लागतील.

१६ पैकी दोनच खराब आहेत. दोनच बदलू का? तोवर एक काढून १५ वर चालवलं तर? (पिंपरी)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: अजिबात नाही. चार्जर २१८ व्होल्टच देत राहतो. पंधरांत वाटले की दर बॅटरीला १४.५ च्या वर. ते फ्लोट उरत नाही, कायमचा ओव्हरचार्ज होतो आणि उरलेल्या पंधराही जातात.

दोन बदलणं संच सहा-आठ महिन्यांचा असेल तरच, आणि त्याही त्याच बनावटीच्या, आधी स्वतंत्र पूर्ण चार्ज केलेल्या. जुन्या संचात नव्या घातल्या की व्होल्टेज असमान वाटलं जातं: काही १४ च्या वर शिजतात, काही १३.२ च्या खाली उपाशी राहतात. खराब कोणती हे ठरवायला पंधरा मिनिटं लोडवर चालवा. जिचं व्होल्टेज बाकीच्यांच्या आधी कोसळतं ती. लोड नसतानाच्या नुसत्या व्होल्टेजवर ठरवू नका.

‘बॅटरी पुनरुज्जीवन’ करणारा पावडर टाकून वर्षाची हमी देतो.

पावडर टाकायला झडप उपटावी लागते, तिथेच सील गेलं. झिजलेली धन प्लेट कोणत्याही पावडरने परत येत नाही. पैसे ठेवा.

इमारतीचा ताबा लांबला, लिफ्टच्या बॅटऱ्या ११ महिने खोक्यात होत्या. लावू का?

बिल्डरांनी माल आधी उतरवून ठेवायचा आणि वॉरंटी कागदावर संपू द्यायची, हे नेहमीचंच. पडून राहिलेली बॅटरी २५ अंशांना महिन्याला सुमारे ३ टक्के उतरते, उन्हाळ्यात त्याहून बरीच जास्त. दर सहा महिन्यांनी, गरम गोदामात तीन महिन्यांनी, चार्ज द्यायलाच हवा होता. आता एकेक मोजा. १२.६ च्या वर ठीक. १२.४ च्या खाली असेल तर आजच चार्ज: १४.४ व्होल्ट, करंट एएचच्या १० टक्क्यांपर्यंत, २४ तासांहून जास्त नाही. १२ च्या खाली गेलेली क्षमता-चाचणीशिवाय घेऊ नका. लिफ्टच्या वीज-गेल्यावरच्या सुटकेचा प्रश्न आहे, म्हणून लिफ्ट कंपनीची लेखी संमती हवी. पुढच्या वेळी उत्पादनाची तारीख पावतीवर लिहून घ्या.

घरच्या इन्व्हर्टरला ट्युब्युलरऐवजी (पाणी घालायच्या बॅटरीऐवजी) एसएमएफ चालेल?

इन्व्हर्टरवर एसएमएफचं सेटिंग असेल तरच. ट्युब्युलरच्या सेटिंगवर ती वाळून मरते.

जोडणी आमचा इलेक्ट्रिशियन करेल. कशावर लक्ष ठेवू? (चिपळूण)

कडं, अंगठी, घड्याळ काढून आणि पाना टेप गुंडाळून काम. मधला एक जंपर (दोन बॅटऱ्या जोडणारी तार) शेवटपर्यंत मोकळा ठेवायचा, म्हणजे संच दोन अर्ध्यांत राहतो. नट टॉर्क-पान्याने, लेबलवरच्या आकड्याइतकाच. सैल राहिला तर सांधा तापतो, जास्त आवळला तर टर्मिनलचं सील फुटतं. ब्रेकर डीसीचाच, एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी विझवू शकत नाही, कारण डीसी शून्यातून जातच नाही. फ्यूज बॅटरीच्या टोकाशी. ब्रेकर चालू करण्याआधी एकूण व्होल्टेज आणि ध्रुव (धन-ऋण टोकं) तपासायचे. १०० व्होल्टच्या वरचा संच असेल तर हे काम परवानाधारक ठेकेदाराकडे द्या. चिपळूणला पुराचं पाणी चढतं, म्हणून बॅटऱ्यांची खोली तळमजल्यावर नको.

जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला?

नको. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादाराकडे द्या आणि पावती घ्या. टर्मिनलवर टेप लावून, उभ्या न्या.