मेसेज आला होता, फोन वाजला नाही

या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. ऑफिसचा मेसेज येतो, पण वेळेवर कळत नाही आणि बोलणी मात्र आपल्याला बसतात. म्हणून पहिल्या उत्तराला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

मी चाकणला एका गोदामात सुपरवायझर आहे. फोन रेडमीचा आहे. टीम्सचे मेसेज दिवसभर येत नाहीत, ॲप उघडलं की दहा-पंधरा एकदम येऊन पडतात. फोन चार्जिंगला असला की मात्र लगेच वाजतो. ॲप तीनदा काढून पुन्हा टाकलं. साहेबांना वाटतं, मी मुद्दाम दुर्लक्ष करतो.

चार्जिंगची गोष्ट तुम्ही आवर्जून लिहिलीत हे फार बरं केलंत. निदान तिथेच आहे. ॲप बिघडलेलं नाही. बॅटरी वाचवण्यासाठी तुमचा फोन त्याला झोपवतोय, त्यामुळे ते शंभर वेळा काढून टाकलंत तरी फरक पडणार नाही.

मेसेज कसा येतो ते बघा. साहेबांनी पाठवलेला मेसेज आधी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जातो. तिथून गुगलच्या निरोप पोचवणाऱ्या सेवेला सांगावा जातो, ती तुमच्या फोनला उठवते, फोन टीम्सला उठवतो आणि मग घंटी वाजते. साखळी इतकी लांब ठेवण्याला कारण आहे. प्रत्येक ॲप स्वतःच सर्व्हरला ‘काही आलंय का’ विचारत बसलं तर बॅटरी दुपारीच संपेल. त्यात 2015 साली अँड्रॉइड 6 बरोबर ‘डोझ’ आलं. फोन चार्जरला नाही, स्क्रीन बंद आहे आणि बराच वेळ हललेला नाही, की मागची कामं थांबवायची. तातडीचा निरोप त्यातूनही आत यावा अशी सोय गुगलने ठेवली आहे. पण फोन बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी बॅटरी आणखी टिकावी म्हणून त्यावर स्वतःची कुलपं लावली, आणि निरोप अडकतो तो तिथे.

रेडमीत दोन कुलपं आहेत आणि दोन्ही उघडावी लागतात. सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीतून टीम्स उघडा. ‘बॅटरी सेव्हर’ला ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ करा, मग ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा. एकच केलं तर चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. सॅमसंगवाल्यांनी बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘स्लीपिंग ॲप्स’ आणि ‘डीप स्लीपिंग ॲप्स’ या याद्या बघाव्यात, ऑफिसचं ॲप तिथे असलं तर बाहेर काढावं. ओप्पो, विवो, रिअलमीमध्ये नावं वेगळी असतात. ॲपच्या बॅटरीच्या पानावर ‘बॅकग्राउंड’ हा शब्द शोधा आणि परवानगी द्या.

आणखी एक सवय सोडा. काम झालं की उघडी ॲप्स एकेक करून वर सरकवून टाकायची, फोन हलका राहतो म्हणून. काही फोनमध्ये असं सरकवलं की ॲप पूर्ण बंद होतं. ‘फोर्स स्टॉप’ तर कधीच करू नका. त्यानंतर तुम्ही स्वतः ॲप उघडेपर्यंत एकही सूचना येत नाही.

सेटिंग बदलल्यावर परीक्षा घ्या. चार्जर काढा, स्क्रीन बंद करा, फोन टेबलावर ठेवा आणि पाऊण तास त्याला हात लावू नका. मग कुणाला तरी मेसेज करायला सांगून घड्याळ बघा.

मी हेल्पडेस्कवर असताना एका मुलीला, उत्तरं उशिरा देते म्हणून, लेखी समज मिळाली होती. ती रडवेली होऊन आली. सेटिंगला हात न लावता तिचा फोन आम्ही असाच तिच्या साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि पाऊण तासाने साहेबांनी स्वतः समोर बसून मेसेज पाठवला. त्यांच्या स्क्रीनवर तो गेलेला दिसत होता. फोन गप्प. दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी साहेबांनीच फोन उचलला, ॲप उघडलं, तेव्हा मेसेज आला. समज मागे घेतली गेली. तुम्हीही ही परीक्षा आधी एकदा सेटिंग न बदलता, साहेबांसमोर करा. तोंडी सांगून पटत नाही ते डोळ्यांनी बघितलं की पटतं.

ठाण्यातल्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. लॅपटॉप टेबलावर उघडा ठेवून शॉपफ्लोअरवर जाते. सुरुवातीला काही वेळ फोनवर स्लॅक, म्हणजे आमचं ऑफिसच्या मेसेजचं ॲप, वाजतच नाही, नंतर आपोआप वाजायला लागतं.

हा बिघाड नाही. तुम्ही लॅपटॉपवर काम करताय असं स्लॅकला वाटतं, म्हणून फोनला त्रास देत नाही. तुम्ही जागेवर नाही हे लक्षात आलं की मग फोन वाजवतं. लॅपटॉपवर स्लॅकच्या नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये मोबाईलवर सूचना कधी पाठवायची हे ठरवता येतं. तिथे ‘लगेच’चा पर्याय निवडा. टीम्सवाल्यांनी हेच फोनवरच्या ॲपमध्ये बघावं. डेस्कटॉपवर असताना सूचना अडवायच्या का, असं बटण नोटिफिकेशनमध्ये आहे, ते बंद करा.

सहा महिन्यांच्या बाळंतपणाच्या रजेवरून परत आले. फोन तोच, ॲपही तेच, पण ऑफिसचे मेसेज येत नाहीत आणि व्हिडिओ कॉलमध्ये माझा आवाज कुणाला ऐकू जात नाही.

आधी अभिनंदन. तुम्ही रजेवर होतात तसं तुमचं ॲपही रजेवर गेलं. अँड्रॉइड 12 पासून, काही महिने न उघडलेल्या ॲपला फोन गाढ झोपवतो. त्याच्या सूचना बंद होतात आणि माईक, कॅमेरा वगैरेच्या परवानग्या काढून घेतल्या जातात. ॲप उघडलं की ते जागं होतं, परवानग्या मात्र पुन्हा द्याव्या लागतात. ॲपच्या पानावर ‘परमिशन्स’मध्ये माईक, कॅमेरा आणि नोटिफिकेशन तीनही तपासा. त्याच पानावर, वापर नसेल तर ॲप थांबवायचं का, असं एक बटण असतं. ऑफिसच्या ॲपपुरतं ते बंद करून टाका.

लॉगिन करताना फोनमधल्या कोडच्या ॲपवर दिसणारा सहा आकडी कोड टाकतो तर ‘चुकीचा कोड’ येतं. अगदी ताजा कोड टाकला तरी तेच.

तुमच्या फोनचं घड्याळ पुढे आहे का? आपल्याकडे उशीर होऊ नये म्हणून घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवण्याची जुनी सवय आहे, आणि ती भिंतीवरून फोनमध्येही आली आहे. हा कोड कुठून पाठवला जात नाही. फोन आणि सर्व्हर, दोघांकडे एकच गुप्त किल्ली असते. ती आणि त्या क्षणाची वेळ मिळून दोघे आपापल्या जागी कोड काढतात, साधारणपणे दर 30 सेकंदांनी नवा. वेळ जुळली तर कोड जुळतो. थोडाफार फरक सर्व्हर चालवून घेतो, पाच मिनिटांचा नाही. तारीख आणि वेळ ‘ऑटोमॅटिक’वर टाका.

हाच विषय निघालाय तर सांगतो, नवा फोन घेतलात तर जुना लगेच पुसून एक्स्चेंजला देऊ नका. आधी नव्या फोनवर ऑफिसचं खातं कोडच्या ॲपमध्ये नव्याने जोडा, एकदा लॉगिन करून बघा, मग जुना सोडा. आधीच दिला असेल तर आयटी विभागाकडून नोंदणी रीसेट करून घ्या.

कंपनीने माझ्या स्वतःच्या फोनवर ‘वर्क प्रोफाईल’ टाकायला लावलं. ऑफिसच्या ॲपवर छोटी बॅग दिसते. माझे फोटो साहेबांना दिसतात का? आणि मधूनच ही ॲप्स करडी होऊन बंद पडतात.

दिसत नाहीत. फोन तुमचा आणि त्यात वर्क प्रोफाईल कंपनीचं, अशी मांडणी असेल तर मधे भिंत आहे. बॅगेच्या आतलं कंपनीचं. बाहेरचे फोटो, तुमचं व्हॉट्सॲप, घरच्यांशी केलेलं बोलणं कंपनीच्या हातात येत नाही. फोनच कंपनीने दिलेला असेल तर मात्र तिचा ताबा बराच जास्त असतो, तिथे खासगी काही ठेवू नये.

ॲप्स करडी होतात म्हणजे प्रोफाईल ‘पॉज’ झालं आहे. स्क्रीन वरून खाली ओढल्यावर टॉर्च, वायफायच्या शेजारी ‘वर्क ॲप्स’चं बटण असतं, घाईत त्यावर बोट पडतं. पुन्हा दाबा. पण हे बटण नीट ओळखून ठेवा. रात्री नऊनंतर आणि रविवारी ते स्वतःहून दाबायला मी सगळ्यांना सांगतो. सुटीचा दिवस घरच्यांचा असतो.

नोकरी सोडलीत की कंपनी ते प्रोफाईल पुसते आणि त्याच्या आतलं सगळं जातं. पगाराच्या स्लिपा आणि मागच्या वर्षांचे फॉर्म 16 शेवटच्या आठवड्याआधीच एचआरकडून स्वतःच्या ईमेलवर मागून घ्या.

मी शिक्षिका आहे. शाळेचे सगळे ग्रुप व्हॉट्सॲपवर आहेत. फोन भरलाय, फोटो उतरत नाहीत. मोबाईलच्या दुकानदाराने ‘क्लिअर डेटा’ करायला सांगितलं. करू का?

नका करू! ‘क्लिअर कॅश’ केलंत तर चालेल, त्याने फक्त तात्पुरता कचरा जातो. ‘क्लिअर डेटा’ केलं तर व्हॉट्सॲप कोरं होईल. टीम्स किंवा स्लॅकचं बोलणं सर्व्हरवर असतं, पुन्हा लॉगिन केलं की परत दिसतं. व्हॉट्सॲपचं बोलणं तुमच्या फोनमध्ये राहतं, आणि परत मिळालंच तर शेवटच्या बॅकअपपर्यंतचं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते तिथे ओळीने दिसतं. सर्वांत वरच्या ग्रुपमधले जुने व्हिडिओ काढा, आणि मोबाईल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. त्याआधी ‘चॅट बॅकअप’ घेऊन त्यावर आजची तारीख दिसते का ते बघा. ती दिसल्याशिवाय फोन दुकानदाराच्या हातात देऊ नका.