मॅनेजर झालो आणि काम हातातून गेले

प्रश्न : मी ३९ वर्षांचा असून हिंजवडीतील एका आयटी कंपनीत १५ वर्षांपासून नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वी मला मॅनेजर केले. पगार वाढला, वाकडला फ्लॅट झाला. मात्र माझा सगळा दिवस कॉल, एक्सेलमधले स्टेटस रिपोर्ट आणि टीमची अप्रेझल यांत संपतो. गेल्या महिन्यात रिलीजच्या आदल्या रात्री एका ज्युनिअरला सापडत नसलेला प्रोग्राममधला बग मी चार तास बसून शोधला. पहाटे घरी परतताना कितीतरी महिन्यांनी बरे वाटले. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी ऐकवले, 'हे तुमचे काम नव्हे.' आता आयटीच सोडावी असे वाटते. गावी थोडी शेती आहे. काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : शेतीचा उल्लेख आपण एका वाक्यात आटोपला आहे. जमीन किती, पाणी कुठले, पीक कोणते, याचा त्यात पत्ता नाही. त्या रात्री मात्र आपण किती तास बसलात आणि केव्हा घरी परतलात, हे सगळे लिहिले आहे. आपण आयटीला नव्हे, मॅनेजरकीला कंटाळला आहात, असे मला त्यावरून वाटते. (कंटाळा घालवायला शेती, हे ऐकून गावची माणसे हसतील, ते वेगळेच.)

अमेरिकी अभ्यासक जेफ्री ग्रीनहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये कारकिर्दीचे समाधान मोजण्यासाठी पाच बाबी मांडल्या : आजवरचे यश, एकंदर उद्दिष्टांकडे झालेली वाटचाल, उत्पन्न, बढती आणि नवी कौशल्ये. उत्पन्न आणि बढती यांविषयी आपली तक्रार दिसत नाही. खोट शेवटच्या बाबीत आहे, आणि ती पगारवाढीने भरून निघत नाही.

अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील एडगर शाइन यांनी माणसाचा कामातला कल सांगण्यासाठी नांगराची उपमा वापरली. शेतातला नांगर नव्हे, जहाजाचा. निवड करण्याची वेळ आली तरी माणूस जे सोडायला तयार होत नाही, तो त्याच्या कारकिर्दीचा नांगर. कोणाचा तो तांत्रिक कामात रुतलेला असतो, कोणाचा माणसे सांभाळण्यात, कोणाचा नोकरीच्या शाश्वतीत. संगणक विभागांतील कर्मचाऱ्यांविषयी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचा कल आणि काम जुळते त्यांचे समाधान अधिक आणि नोकरी सोडण्याचा विचार कमी, असेच आढळले होते.

आपल्याकडील सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांत हा मेळ पुष्कळदा बसत नाही, कारण तिथला हिशेबच तसा असतो. ग्राहकाला अनेकदा माणशी बिल लावले जाते, त्यामुळे खाली नवखे पुष्कळ आणि वर अनुभवी मोजके, अशी उतरंड रचली तरच नफा उरतो. पंधरा वर्षे मुरलेला माणूस नुसता कोड लिहीत बसला तर तो महाग पडतो. मग त्याला वीसजणांवर नेमतात आणि त्याला बढती म्हणतात.

तरीही आपले वरिष्ठ अगदीच चुकले, असे मी म्हणणार नाही. तो बग आपण शोधलात, ज्युनिअरने नव्हे. पुढच्या रिलीजला तो पुन्हा तिथेच अडेल. म्हणून स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा : आपण शेजारी बसून नुसत्या खुणा सांगितल्या असत्या आणि बग त्या मुलाला सापडला असता, तर पहाटे तितकेच बरे वाटले असते का? उत्तर 'हो' असेल, तर मॅनेजरकी आपल्याला मानवेल. रिपोर्टांचा भार कमी करून घेऊन शिकवण्याला वेळ काढा. उत्तर 'नाही' असेल, तर तांत्रिक वाटेकडे परतण्याचा विचार करा. आर्किटेक्ट, प्रिन्सिपल इंजिनिअर अशी तांत्रिक कामाचीच वरची पदे काही कंपन्यांत असतात, विशेषतः स्वतःचे प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपन्यांत. पगारवाढ काही काळ अडकेल आणि आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेली मुले आपली कोडिंगची मुलाखत घेतील. फ्लॅटचा हप्ता चालू असेल तर त्याचे गणित घरच्यांसोबत आधीच मांडून ठेवावे.

राजीनाम्यापूर्वी सध्याच्या कंपनीतच एखादे लहान मॉड्यूल तीन महिने स्वतःकडे मागून पाहा, म्हणजे हातावर किती गंज चढला आहे तेही कळेल. हा विषय अप्रेझलच्या बैठकीत मात्र काढू नका. तिथे बोलणे रेटिंगपाशीच अडते. वरिष्ठांकडे वेगळी वेळ मागून घ्या.