एरंडेल की एरंडेल तेल?

एरंडोल परिसरातील एका वाचकाने विचारले आहे की, ‘एरंडेल तेल’ या प्रयोगात तेलाचा उल्लेख दोनदा होतो काय आणि त्यांच्या गावाच्या नावाशी या शब्दाचे काही नाते आहे काय.

तेलाचा उल्लेख दोनदा होतो, हे खरे. संस्कृत ‘एरण्डतैल’ या समासातील दोन स्वरांमधला ‘त’ गळाला आणि ‘एरंडेल’ हे नपुंसकलिंगी रूप उरले. खोबरेल, करंजेल, करडेल हे शब्दही याच वळणाचे आहेत. शेवटच्या ‘एल’मध्ये तेल दडले आहे हे आता बोलणाऱ्याला जाणवत नाही, त्यामुळे दुकानात ‘एरंडेल तेल द्या’ असे सहज म्हटले जाते व त्याला हरकत नसावी. लेखनात मात्र नुसते ‘एरंडेल’ पुरे. अहिराणीत ‘एरंडीनं तेल’ म्हटले की हा प्रश्नच उरत नाही. (मुळात ‘तैल’ म्हणजे तिळाचे, तो अर्थ तर केव्हाच मागे पडला.)

‘एरंडोल’मधील ‘ओल’ मात्र ‘तैल’पासून निघू शकत नाही, कारण ‘ऐ’चा ‘ए’ होतो, ‘ओ’ नव्हे. गावाच्या नावात एरंड असलाच, तर तो झाडाचा असेल.

या तेलाला स्वतःचे नाव मिळावे इतके ते इतर तेलांहून वेगळे आहे. त्यातील मेदाम्लांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के एकटे रिसिनोलेइक आम्ल असते आणि त्याच्यामुळेच एरंडेल इतके दाट होते की, बाटली कलंडली तरी धार सावकाश उतरते. हा चिकटपणा हेरूनच जुन्या लोकांनी बैलगाडीच्या आसाला त्याचे वंगण दिले, चामडे मऊ राखले आणि दिवेही लावले. घरी काढताना एरंडी भाजून, कुटून पाण्यात उकळत, वर आलेला तेलाचा थर काढून घेत व पुन्हा तापवून त्यातले पाणी आटवत. पोटात गेल्यावर हेच आम्ल मोकळे होऊन आतड्यांना चालना देते, म्हणून एरंडेल रेचक ठरले. ‘एरंडेल प्यायल्यासारखे तोंड’ हा वाक्प्रचार त्याच्या चवीने दिला. गरोदर स्त्रीने मात्र ते वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये.

बी चावून खाणे तर जिवावर बेतू शकते. त्यातील रिसिन हे विषारी प्रथिन तेलात विरघळत नाही, पेंडीत राहते. म्हणून खानदेशात गुरांपुढे सरकीची ढेप ठेवतात आणि एरंडीची पेंड खत म्हणून शेतात घालतात.