स्टॉलन करताना लोण्यात काटकसर नको

प्रश्न : ताई, माझा मुलगा जर्मनीत ड्रेस्डेनला शिकतो. गेल्या नाताळात येताना त्याने तिथला स्टॉलन, म्हणजे नाताळचा गोड पाव, आणला होता. वरून पिठीसाखरेने माखलेला, आत बेदाणे-बदाम. घरात सगळ्यांना फार आवडला. यंदा तो येणार नाही, म्हणून घरीच करून बघायचाय. सासूबाईंना अंडं आणि दारू चालत नाही. बटरऐवजी तेल घातलं तर? आणि संत्र्याच्या सालींऐवजी बाजारची टूटीफ्रूटी चालेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : सासूबाईंना खुशाल वाढा. स्टॉलनच्या नेहमीच्या कृतीत अंडं लागत नाही. बेदाणे रममध्ये भिजवतात, तुम्ही संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवा. तेल मात्र नको, आणि याबाबतीत मी अजिबात ऐकणार नाही. कारण तेलाचा स्टॉलन सॅक्सनीच्या, म्हणजे ड्रेस्डेनच्या प्रांतातल्या, लोकांनी कित्येक वर्षं नाइलाजाने खाल्लाय!

पंधराव्या शतकात नाताळाआधीचे आठवडे उपासाचे असत आणि उपासाला लोणी-दूध वर्ज्य. १४७४ सालच्या ड्रेस्डेनमधल्या एका रुग्णालयाच्या हिशेबात स्टॉलनचा उल्लेख सापडतो. तो म्हणजे पीठ, पाणी आणि तेलाचा साधा, बेचव पाव. तिकडे ऑलिव्ह पिकत नाही, हाताशी असलेलं तेल उग्र. शेवटी तिथल्या राजघराण्याने रोमला साकडं घातलं आणि १४९१ मध्ये पोप इनोसंट आठवे यांनी लोणी वापरायची परवानगी दिली. तीही फुकट नाही. त्याबद्दल पैसे भरायचे, आणि ते फ्रायबर्गच्या कॅथेड्रलच्या बांधकामाला जायचे. दंड भरून मिळवलेलं लोणी आहे ते, आपण का सोडायचं?

आज ड्रेस्डेनच्या नावाने विकायचा स्टॉलन असेल, तर १०० भाग पिठाला किमान ५० भाग लोणी, ६५ भाग बेदाणे, २० भाग पाकवलेल्या साली आणि १५ भाग बदाम असावेच लागतात. घरासाठी हेच प्रमाण धरा : अर्धा किलो मैदा, पाव किलो बिनमिठाचं बटर, ३२५ ग्रॅम बेदाणे, १०० ग्रॅम साली, ७५ ग्रॅम बदामाचे काप. शिवाय ७५ ग्रॅम साखर, चिमूट मीठ, लिंबाची किसलेली साल, थोडी वेलची-जायफळ, दीड-दोन चमचे ड्राय यीस्ट आणि मळायला लागेल तसं कोमट दूध, साधारण अर्धा-पाऊण कप. आधी दूध, यीस्ट आणि मूठभर मैदा कालवून अर्धा तास ठेवा. बुडबुडे आले की उरलेला मैदा, साखर, बटर घालून भरपूर मळा. बेदाणे-बदाम अगदी शेवटी, हलक्या हाताने. या पिठात लोणी इतकं असतं की ते पावासारखं टम्म फुगणारच नाही. घाबरू नका, तासभर झाकून ठेवा. मग दोन लांबट लोळ्या करा, प्रत्येकीची एक बाजू दुसरीवर दुमडा आणि १७० अंशांवर सुमारे ४५ मिनिटं भाजा. पृष्ठभागावर आलेले बेदाणे भाजण्याआधी आत ढकला, जळले की कडू लागतात.

आता टूटीफ्रूटी. तिला मी नाही म्हणणार नाही. जर्मनीचे दोन देश झाले होते तेव्हा पूर्व जर्मनीत बेदाणे, बदाम, साली परदेशातून आणायला सरकारकडे परकीय चलन नसायचं. तेव्हा तिथे हिरव्या टोमॅटोचे आणि गाजराचे पाकवलेले तुकडे स्टॉलनमध्ये घालत. आपली टूटीफ्रूटी कच्च्या पपईची, म्हणजे त्याच नात्यातली. पश्चिमेकडचे नातेवाईक पार्सलमधून बेदाणे-बदाम धाडायचे आणि भाजलेला स्टॉलन सीमा ओलांडून त्यांच्या घरी पोचायचा. ताटातूट झालेल्या घरांचा नाताळ असा टपालातून व्हायचा. मला या पदार्थाबद्दल जी माया वाटते, ती या पार्सलांमुळे.

तरीही जमलं तर साली घरी करा, कारण टूटीफ्रूटीला वास नसतो. तिकडे संत्र्याच्या सालीबरोबर महाळुंगाचीही वापरतात. दादरच्या मंडईत महाळुंग दिसलं तर सोडू नका. नाहीतर जाड सालीचं माल्टा संत्रं घ्या, नागपुरीची साल फार पातळ. साली दोनतीनदा पाणी बदलून उकळा, म्हणजे कडवटपणा जाईल. मग साखरेच्या पाकात मंद आचेवर काचेसारख्या पारदर्शक होईपर्यंत शिजवा.

स्टॉलन ओव्हनमधून काढला की गरम असतानाच वरून पातळ केलेलं साजूक तूप सढळ हाताने लावा, त्यावर साखर आणि गार झाल्यावर पिठीसाखरेचा जाड थर. तूपच सांगतेय, कारण त्यात पाण्याचा अंश नसतो आणि ते टिकतं. या थरामुळे आतला ओलावा बाहेर जात नाही. जर्मनीत स्टॉलन थंड तळघरात दोन-तीन आठवडे मुरवतात. मुंबईच्या डिसेंबरात बाहेर ठेवलात तर बुरशी येईल. बटर पेपर आणि फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये दोन आठवडे ठेवा, खायच्या तासभर आधी बाहेर काढा. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच हात पिठात घाला.

प्रश्न : बहिणीने जर्मनीतल्या न्युरेंबर्गहून आणलेले लेबकुखन (नाताळचे मसालेदार केक) दगडासारखे झालेत. टाकून देऊ का? आणि खालची पांढरी पापडी काढायची का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : टाकू नका. डब्यात सफरचंदाची फोड ठेवा, रोज बदला. दोन दिवसांत मऊ पडतील. मऊ झाले की फोड लगेच काढा, आपल्या हवेत ती फार काळ ठेवू नये. पापडी खायचीच असते, पीठ तव्याला चिकटू नये म्हणून ती खाली घालतात. डब्यावर ‘एलिझेन’ लिहिलं असेल तर त्यात पीठ जास्तीत जास्त १० टक्के आणि बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा किमान २५ टक्के असतो. यात अंडं असतं, घरात कोणाला चालत नसेल तर आधी सांगा.

प्रश्न : जर्मन घरात २४ डिसेंबरच्या रात्री मोठी मेजवानी असते ना?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : भाजलेल्या हंसाची (गूजची) मेजवानी दुसऱ्या दिवशी. चोवीसच्या रात्री पुष्कळ घरांत बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज, एवढंच. त्या दिवशी घरच्या बाईला झाड सजवायचं असतं, चर्चला जायचं असतं, सॅलड सकाळीच करून ठेवता येतं. उत्तरेत मेयोनीज घालतात, दक्षिणेत व्हिनेगर आणि गरम सूप. शाकाहारी घरात दक्षिणेचं करा : भुगा न होणारे बटाटे उकडा, गरम असतानाच चकत्या करा, त्यांवर भाज्यांचं गरम पाणी, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट आणि बारीक कांदा ओता. बटाटे गार झाले की रस शोषत नाहीत, तेव्हा बोटं भाजली तरी चकत्या गरमच करा.