लघु आणि मध्यम उद्योगांमुळे विकसनशील देशाची अर्थव्यवस्था नेमकी कशी वाढते?

तुम्ही विचारलंय की भारतासारख्या देशात एवढे मोठे कारखाने असताना छोट्या-मध्यम उद्योगांना एवढं महत्त्व का द्यायचं, आणि त्यांच्यामुळे अर्थव्यवस्था वाढते म्हणजे नक्की काय होतं. माझं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, म्हणून इथलंच उदाहरण घेऊन सांगतो.

आकडे आधी उरकून टाकतो. देशाच्या जीडीपीत या उद्योगांचा (अगदी लहान, म्हणजे सूक्ष्म उद्योग धरून) वाटा सुमारे ३० टक्के धरला जातो, निर्यातीत ४५ टक्क्यांच्या आसपास. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत बिगरशेती छोट्या उद्योगांत ११ कोटी लोक कामाला असल्याचं दिसलं. हे सगळं खरं, पण वाढ होते कशी ते यातून कळत नाही.

कोल्हापूरचा पट्टा उसाचा आणि गुळाचा. नदीचं पाणी उपसून शेतात चढवायला इंजिन लागायचं, ते बिघडलं की मिस्त्री लागायचा. दुरुस्ती करता करता इथल्या मिस्त्र्यांनी सुटे भाग ओतायला घेतले आणि पुढे अख्खं ऑइल इंजिन बनवलं. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीतली इंजिनं लांबलांबच्या विहिरींवर जाऊन बसली. मग खेडोपाडी वीज आली, विजेच्या मोटारी आल्या आणि इंजिनाची मागणी ओसरत गेली. सगळं गाव एकाच कारखान्याच्या जिवावर असतं तर तिथंच कुलूप लागलं असतं. पण ओतकाम, पॅटर्न (साचा बनवायचा नमुना), लेथ ही कसबं शेकडो शेडमध्ये पसरलेली होती. तेच लोक ट्रक-ट्रॅक्टरच्या कास्टिंगकडे, म्हणजे ओतीव भागांकडे वळले. आज कोल्हापूर-सांगली भागात तीनशेच्या आसपास फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने आहेत. बदलत्या काळात नवं काम उचलण्याची ही ताकद मला रोजगाराच्या आकड्यापेक्षाही मोलाची वाटते.

आता एक ट्रकचा ब्रेक ड्रम डोळ्यांसमोर आणा. त्याचा पॅटर्न एका शेडमध्ये बनतो. फाउंड्रीत वाळूचा साचा तयार होतो, भट्टीतला रस १४०० अंशांच्या आसपास असताना त्यात ओततात. गार झाल्यावर साचा फोडायचा, वर आलेलं फालतू लोखंड ग्राइंडरने घासून काढायचं, याला फेटलिंग म्हणतात. ते बऱ्याचदा तिसऱ्याच ठेकेदाराकडे असतं. मग माल टेम्पोने माझ्यासारख्याकडे येतो. आम्ही तो टर्निंगला लावतो, म्हणजे लेथवर फिरवून मापात कापतो, भोकं पाडतो, गेज लावून तपासतो, तेल लावून पाठवतो. एका ड्रममागे अशी चार-पाच बिलं फाटतात आणि त्यातला बराचसा पैसा मजुरी, भाडं, किराणा, मुलांची फी अशा वाटांनी इथंच फिरतो. बड्या वाहन कंपनीने हे सगळं स्वतः करायचं ठरवलं तर तिला गाडी परवडायची नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माणूस घडतो. आयटीआय करून टर्नर म्हणून लागलेला पोरगा पाच-सात वर्षांत ड्रॉइंग वाचायला, रेट काढायला, रिजेक्शन का आलं ते शोधायला शिकतो. मग जुनी मशीन हप्त्यावर घेऊन भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याचा माल मजुरीवर करून देणं, सुरू करतो. शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात असे मालक गल्लोगल्ली भेटतील. बिनतारण कर्जासाठी २००० साली सरकारने हमी निधी काढला तो अशांसाठीच, तरी शाखेत गेल्यावर तारण काय देता हा प्रश्न अजून ऐकू येतो.

पण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा पुढं आहे. त्याच २०१५-१६ च्या पाहणीत ६ कोटी ३३ लाख उद्योग मोजले गेले. त्यातले तेव्हाच्या व्याख्येने लघु जेमतेम ३ लाख ३१ हजार आणि मध्यम फक्त ५ हजार. बाकी सगळे सूक्ष्म. म्हणजे सुरुवात करणारे अमाप, मोठे होणारे बोटांवर मोजण्याएवढे. देशाची उत्पादकता वाढते ती सूक्ष्मचा लघु आणि लघुचा मध्यम होताना, कारण तेव्हाच चांगली मशीन येते, माणसांना पीएफ मिळतो, थेट निर्यातीची हिंमत होते.

हे का अडतं? माझ्या अनुभवात सगळ्यात मोठं कारण उधारी. आज माल दिला, बिल काढलं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो, पगार ७ तारखेला, वीजबिल वेगळं. आणि पार्टीचे पैसे यायला नव्वद दिवस, कधी चार महिने. मधला खड्डा मी सीसीवर (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर) व्याज भरून बुजवतो. याचा अर्थ छोटा कारखानदार मोठ्या कंपनीला स्वतःच्या खिशातून भांडवल पुरवतोय.

कायदा आहे, आणि चांगला आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायलाच हवेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली, मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. त्या वर्षीच्या मार्चअखेरीस आमच्याकडे कित्येक थकलेली बिलं खरोखर निघाली. तक्रारीला सरकारी ऑनलाइन पोर्टलही आहे, पण तिथे जायला माणूस कचरतो, कारण पुढची ऑर्डर त्याच पार्टीकडून यायची असते.

म्हणून मला ट्रेड्सकडून, म्हणजे थकलेल्या बिलांवर आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेकडून आशा आहे. खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, आपल्याला दोन-चार दिवसांत पैसे मिळतात आणि पुढची वसुली बँक खरेदीदाराकडून करते. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नोंदणी सक्तीची केली आहे. आता त्यांनी आमची बिलं तिथं वेळेवर मान्य करायला हवीत. तेवढं झालं तरी आमच्या गल्लीतले निम्मे लोक वर्षभरात दुसरी सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) घेतील, आणि एका मशीनला दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर लागतातच.